मुळा-मुठेवरील वल्ही

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब संगमाजवळ आहे. त्याचा रेगाटा, म्हणजे नौकांच्या शर्यती व कवायतींचा सोहळा, १९२८ साली सुरू झाला. तो बहुधा मार्चमध्ये होतो. त्या सुमारास सह्याद्रीतल्या लहान नद्या आटत आलेल्या असतात. मग मुळा-मुठेत नौका तरंगण्याइतके पाणी कोठून येते?

या प्रश्नासाठी आपल्याला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मागे जावे लागते. पुण्याची पाण्याची टंचाई दूर व्हावी म्हणून सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून संगमाच्या खाली बंधारा बांधला गेला. ‘बंडगार्डन’ या नावातील ‘बंड’ तो हाच. बंडखोरीशी त्याचा संबंध नाही! बंधाऱ्यामागे पाणी तुंबून संथ, खोल डोह तयार झाला आणि इंग्रज अधिकाऱ्यांनी तेथे नौकानयन सुरू केले. नौका हा बंधाऱ्याचा हेतू नव्हता, तो जोडलाभ होता.

वरच्या अंगाला मात्र वेगळेच घडत होते. आंबी आणि मोशी यांना घेऊन येणारी मुठा १८७९ साली पूर्ण झालेल्या खडकवासला धरणाने अडवली. (१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटल्यावर हे धरणही फुटले, ते पुन्हा बांधावे लागले.) मुळेचे पाणी तर खोरेच सोडून गेले. १९२० च्या दशकात टाटांनी मुळशीला धरण बांधले. सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखालील मुळशी सत्याग्रह याच धरणाविरुद्धचा. हे पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्रात जाते आणि तेथून कुंडलिकेत. आज कोलाडला रबरी तराफ्यांतून जो थरारक प्रवास होतो, तो या सोडलेल्या पाण्यावरच. म्हणून तो सकाळी, पाणी सुटण्याच्या वेळा सांभाळून करावा लागतो. भीमेकडे जाणारे पाणी असे अरबी समुद्राकडे वळले आणि वाटेत कोकणात नौका चालवू लागले.

पुण्यात उरले काय? खडकवासल्याचे पाणी नळाने घरात येते, घरातून गटारात जाते, आणि त्यातले काही शुद्ध होऊन, काही तसेच, नदीत उतरते. उन्हाळ्यात वल्ही मुख्यतः या वापरलेल्या पाण्यात पडतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत मुळा, मुठा आणि मुळा-मुठा या तिन्हींचे पट्टे आहेत.

नदी मलिन झाली असे आपण म्हणतो. आमच्या मते त्याआधी ती रिकामी झाली, हे लक्षात घेतले पाहिजे. १९२५ साली स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी ओहायो नदीच्या अभ्यासातून एक समीकरण मांडले. जीवाणू मैला खाताना पाण्यातला प्राणवायू संपवतात, तर हवेतून नवा प्राणवायू विरघळतो. या दोहोंची ती स्पर्धा. खळाळते, उथळ पाणी प्राणवायू लवकर घेते. संथ आणि खोल पाणी सावकाश. कोलाडच्या फेसाळ पाण्याला जे सहज मिळते, ते बंडगार्डनच्या डोहाला मिळत नाही. जो संथपणा नावाड्याला हवा, तोच नदीला मारक ठरतो. वर नत्र आणि स्फुरद भरपूर असल्याने जलपर्णी माजते आणि पृष्ठभागच झाकून टाकते.

स्वच्छ पाण्यात २५ अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. आंघोळीच्या निकषात तो किमान ५ हवा, आणि जैविक प्राणवायू-मागणी ३ मिलिग्रॅमहून अधिक नको. वल्हवणारा आंघोळ करीत नाही हे खरे. पण कायाक उलटली की पाणी नाकातोंडात जातेच. २०१६ साली जपानच्या कर्जसाहाय्याचा जो करार झाला, त्यात पुण्यासाठी ११ नवी मैलाशुद्धीकरण केंद्रे योजली आहेत. त्यांनी पाणी सुधारेल. मुळशीचा प्रवाह परत येणार नाही.

वरच्या वर्गांसाठी एक प्रयोग सुचवतो. बंधाऱ्याच्या वरचे आणि खाली कोसळल्यानंतरचे पाणी, हातमोजे घालून, काठोकाठ भरलेल्या दोन बाटल्यांत घ्यावे. शिक्षकांनी स्वतः त्यांत मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालावे. प्राणवायू असेल तर साका तपकिरी होतो, नसेल तर पांढराच राहतो. बाटल्या उघडण्यापूर्वीच विद्यार्थ्यांकडून विचारून घ्यावे, अधिक तपकिरी कोणती होईल?