झारेकऱ्यांची खाण

पुणे शहर ज्या खडकावर वसले आहे त्या खडकात सोने नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचत गेले आणि दख्खनचा हा काळा कातळ तयार झाला. त्याच्या भेगांतून गारगोटीचे सुरेख स्फटिक निघतात, सोन्याची शीर निघत नाही. सोन्याची खाण पाहायची तर पूर्वीच्या निजामाच्या राज्यातल्या रायचूर जिल्ह्यात, हट्टीला जावे लागते. कोलारची प्रसिद्ध खाण २००१ साली बंद झाली. आपल्याकडे विदर्भात वैनगंगेच्या खोऱ्यात नदीनाल्यांची वाळू धुऊन सोन्याचे कण काढणारे सोनझरी लोक होते. रसेलने १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जे मोठे पुस्तक छापले त्यात त्यांची नोंद आहे. पुण्याच्या नशिबी एवढीही वाळू नाही.

आणि तरीही मातीतून सोने काढणारी माणसे पुण्यात होती. त्यांची खाण रविवार पेठेत, बुधवार पेठेत, सोन्या मारुतीच्या आसपास होती. सोनाराच्या दुकानातला केर, भट्टीतली राख, फुटलेल्या मुशी, दुकानापुढच्या गटाराचा गाळ हाच त्यांचा कच्चा धातू. या माणसांना झारेकरी म्हणतात. उत्तरेत त्यांनाच न्यारिया, गुजरातेत धूळधोया म्हणतात. आपल्याकडे ते बहुतांशी मुसलमान.

मुस्लिमांचा इतिहास लिहायला बसले की आपली लेखणी बादशहांकडे, सुभेदारांकडे, फार तर सूफी संतांकडे वळते. त्यात गैर काही नाही. पण दख्खनच्या सामान्य मुसलमानाच्या पूर्वजाने तख्त पाहिलेले नव्हते. त्याने नाल ठोकले, कापूस पिंजला, भांड्यांना कल्हई केली, हत्यारांना धार लावली आणि सोनाराचा केर धुतला. इंग्रजांनी १८८०च्या दशकात मुंबई इलाख्याची गॅझेटियरे छापली. त्यांत दख्खनमधल्या मुसलमान कारागिरांच्या जातवार याद्या येतात आणि बहुतेकांपुढे एकच ठराविक वाक्य येते, की मूळचे हिंदू, औरंगजेबाच्या काळी मुसलमान झाले. एकाच साच्यातून काढलेल्या या वाक्यावर मी फारसा विसंबत नाही. या माणसांना येत काय होते, हे मात्र त्या याद्यांत एखाद्या ओळीत उरकलेले असते. माझ्या मते खरा इतिहास तिथे आहे.

आधी नावाचे पाहू. 'जर' म्हणजे फारसीत सोने, त्यावरून 'जरेकरी' आणि मग झारेकरी, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. ऐकायला ती रुबाबदार वाटते. मला मात्र 'झारा' हा देशी शब्दच मूळ वाटतो. गाळणे, झिरपवणे, निथळवणे हा त्याचा भाव. विदर्भातले सोनझरी मुसलमान नाहीत, पण त्यांच्या नावातही हीच 'झर' आहे. काम एक, शब्द एक आणि धर्म दोन. असे आपल्या देशात नेहमीच झालेले आहे.

या धंद्याचा सर्वांत तपशीलवार जुना दाखला अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या या ग्रंथात टाकसाळीच्या कामगारांची यादी देताना अबुल फजल दरोगा, सराफ, तोलणारा इथपर्यंत थांबत नाही. तो न्यारियाचीही दखल घेतो. सोने शुद्ध करताना त्याचे पातळ पत्रे करीत, क्षार आणि कच्च्या विटेची पूड यांच्या थरांत ते रचीत, वर शेणी पेटवीत. पत्र्यातली चांदी त्या राखेत उतरे. या राखेला फारसीत 'खाक-ए-खलास' आणि हिंदीत 'सलोनी' म्हणत. न्यारिया ही राख दोन-दोन शेर घेऊन पाण्यात धुई. जड भाग तळाशी बसे, तो पाऱ्याबरोबर घोटला जाई. पारा सोने ओढून घेई आणि मग आगीवर पारा उडवून सोने वेगळे करीत. शेवटी येतो खाकशोय, म्हणजे धूळ धुणारा. सर्वांचे काम आटोपले की तो टाकसाळ झाडून केर घरी नेई, धुई आणि नफा कमावी. त्याबद्दल तो सरकारात महिना साडेबारा रुपये भरी. यातल्या काहींचा धंदा चांगला भरभराटीचा होता, असेही अबुल फजल सांगतो. केर नेण्यासाठी जो माणूस बादशहाला महिना साडेबारा रुपये देतो, त्याला त्या केरात काय आहे हे पक्के ठाऊक असले पाहिजे.

त्याच ग्रंथात दख्खनच्या होनाची गोष्ट आहे. हे नाणे दहा बानी कसाचे समजले जाई. अकबराच्या टाकसाळीत पारख झाली तेव्हा ते साडेआठ बानी ठरले. अल्लाउद्दीनचा बारा बानी समजला जाणारा दिनार साडेदहावर आला. बारा बानी म्हणजे पूर्ण शुद्ध. नावाजलेले नाणेसुद्धा कसोटीच्या दगडावर उघडे पडे.

आपले पुणेही टाकसाळीचे गाव होते. पेशवाईतल्या पुण्याच्या अंकुशी रुपयावर अंकुशाची खूण आहे, फारसी मजकूर आहे आणि टाकसाळीचे नाव 'मुहियाबाद पूना' असे आहे. औरंगजेबाने दिलेले नाव मराठ्यांच्या नाण्यावर तसेच राहिले आणि त्याने कोणाचे काही बिघडले नाही. जिथे टाकसाळ, सराफ आणि सोनार, तिथे धूळ आणि धूळ धुणाराही आलाच.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो. हे काम म्हणजे नुसते झाडू मारणे, असा समज पसरलेला आहे.

नवशिक्याला पहिल्यांदा शिकावी लागते ती ओळख. पिवळे चकाकणारे सगळे सोने नसते. खाणीतल्या दगडात सोनमाखी असते, केरात पितळेचा कीस असतो. सोन्याचा कण हातोडीखाली चपटा होतो, सोनमाखीचा भुगा होतो आणि तापवली तर तिला गंधकाचा वास येतो. खडबडीत दगडावर घासले की सोन्याची रेघ पिवळीच उमटते, सोनमाखीची हिरवट काळी. पितळेची रेघ तेजाबाच्या थेंबाने पुसली जाते, चांगल्या सोन्याची टिकते. चांदीचे आणखी अवघड. खाणीत ती बहुधा शिशाच्या करड्या, जड, चौकोनी कणांच्या धातुकात दडलेली असते आणि सोनाराच्या केरात ती काळी पडून राखेच्या रंगात मिसळलेली असते. तिथे डोळ्यांपेक्षा तळहातावर कळणारे वजन कामाला येते.

मग केर जाळायचा. त्यात केस, धागे, कागद, लाख, मेण असते, ते गेले पाहिजे. मुशीचे तुकडे कुटायचे, चाळायचे, लोखंडाचा कीस चुंबकाने काढायचा. त्यानंतर धुणे, आणि खरे कसब तिथे. वाळूचे विशिष्ट गुरुत्व अडीचच्या थोडे वर, चांदीचे साडेदहा, सोन्याचे एकोणीसच्या वर. घमेल्यात पाणी घेऊन ते असे फिरवायचे की हलके कडेने वाहून जावे आणि जड तळाशी राहावे. हात जोरात फिरला तर बारीक सोने पाण्याबरोबर जाते, फारच हळू फिरला तर दिवस संपतो आणि वाळू तशीच राहते. धातूंची अशी तुलनात्मक वजने अल-बेरूनीने अकराव्या शतकात पाण्याच्या भांड्यात मोजून लिहून ठेवली होती. झारेकऱ्याने अल-बेरूनी वाचला नव्हता, पण त्याचा आकडा त्याच्या मनगटात होता.

तळाशी उरलेल्या काळ्या गाळात पारा घोटतात, तो कापडातून पिळतात आणि राहिलेला गोळा तापवतात. पारा ३५७ अंशांना उकळतो. त्याची वाफ दिसत नाही, तिला वास नाही आणि ती छातीत जाऊन बसते. हे काम घरात, चुलीशेजारी, बायकापोरांच्या देखत चाले. हात कापणे, दात हलणे, चिडचिड, विसरभोळेपणा ही पाऱ्याच्या विषाची लक्षणे आहेत. वस्तीत त्यांना म्हातारपण म्हणत, नाहीतर नजर लागली म्हणत. पाऱ्याचा वापर कमी करण्याचा मिनामाता करार २०१३ साली झाला आणि भारताने त्याला २०१८ साली मान्यता दिली. या कामात पिढ्या गेल्यानंतरची ही गोष्ट.

दुसरी वाट शिशाची. धातूमिश्रित गाळ शिशाबरोबर वितळवून हाडांच्या किंवा लाकडाच्या राखेच्या खळग्यात तापवतात. शिसे हवेने जळते, तांबे-जस्तासारखी हलकी धातू सोबत घेते आणि राखेत मुरते. खळग्यात सोन्याचांदीचा मणी उरतो आणि शेवटच्या क्षणी एकदम लखलखतो. शिशाच्या या राखेला आपण मुरदाडशिंग म्हणतो, तो फारसीतला 'मुर्दारसंग'. सराफ, तेजाब, शोरा, 'नौशादर'चा झालेला नवसागर, असे या धंद्याचे निम्मे मराठी फारसी-अरबीतून आलेले आहे. टांकणखार आणि मूस संस्कृतातून आली. सोनाराच्या दुकानात हे शब्द शेजारी शेजारी बसतात आणि कोणी कोणाला परका म्हणत नाही.

मणी मिळाला तरी त्यात सोने आणि चांदी एकत्र असते. शोऱ्याच्या तेजाबात चांदी विरघळते, सोने नाही. पण मणी सोन्यानेच भरलेला असेल तर तेजाब वरवर चाटून थांबते. म्हणून सोने शुद्ध करायला आधी त्यात चांदी घालावी लागते, साधारण एक भाग सोन्याला तीन भाग चांदी. नवशिक्याला हे उलटे वाटते. मग तेजाबात घातले की चांदी जाते आणि तळाशी सोन्याची तपकिरी भुकटी राहते. ती वितळवली की पिवळी होते. तेजाबात तांब्याचा पत्रा सोडला की गेलेली चांदीही परत येऊन त्यावर बसते.

इथे एक स्पष्टीकरण केले पाहिजे. आपल्याकडच्या भाषणांतून जाबिर इब्न हय्यानने तेजाबाचा शोध लावला असे ठासून सांगितले जाते. ज्या लॅटिन ग्रंथांवर हा दावा उभा आहे ते जाबिरच्या नावाने, पण त्याच्यानंतर सुमारे पाच शतकांनी युरोपात लिहिले गेले. आपल्याकडे खरे दाखले असताना अशा दाव्यांची गरज नाही. येमेनच्या अल-हमदानीने दहाव्या शतकात सोने आणि चांदी या दोनच धातूंवर एक अख्खा ग्रंथ लिहिला आहे.

फिकहच्या ग्रंथांनीही या धुळीची दखल घेतलेली आहे. 'तुराबुस्सागा', म्हणजे सोनारांची धूळ, विकता येते का, हा तिथे स्वतंत्र प्रश्न आहे. सोन्याच्या बदल्यात सोने द्यायचे तर वजन बरोबर आणि व्यवहार हातोहात, हा हदीसचा नियम. धुळीत सोने किती हे आधी कळतच नाही. म्हणून हनफी फकीहांनी सांगितले की सोन्याची धूळ सोन्याला विकू नये, दुसऱ्या जिनसेला विकावी. मालिकींनी खाणीची माती विकायला परवानगी दिली, पण सोनाराच्या धुळीला दिली नाही. तीत अनिश्चितता फार, असे त्यांचे म्हणणे. सूरह रअदच्या सतराव्या आयतीत तर दागिन्यासाठी तापवलेल्या धातूवर येणाऱ्या फेसाचीच उपमा आहे. ज्या कामाचा कुरआनात दृष्टांत आहे आणि ज्यावर इमामांनी वाद घातले, ते करणाऱ्याला आपल्याच जमातीत खालच्या पायरीवर बसवले गेले. सोयरिकीच्या वेळी त्याचा धंदा विचारून पाट मागे ओढणारे अश्राफ आपल्याकडे कमी नव्हते. महाराष्ट्रातल्या मुस्लिम ओबीसी चळवळीने हा प्रश्न उघडपणे मांडला, तेव्हा अनेकांना तो झोंबला.

धंद्याला पहिला मोठा धक्का जानेवारी १९६३ मध्ये बसला. सुवर्ण नियंत्रण आदेशाने चौदा कॅरटपेक्षा जास्त कसाचे दागिने घडवायला बंदी घातली. सोनार बेकार झाले. त्यांच्या हालअपेष्टांवर त्या काळी पुष्कळ लिहिले गेले, सोनाराच्या केरावर जगणाऱ्यावर कोणी लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. १९६८चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० साली रद्द झाला. पण तोवर आणि त्यानंतर बरेच बदलले. सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूरच्या दुष्काळी भागातून बाहेर पडलेल्या गलाईवाल्यांनी सोने गाळण्याचा धंदा देशभर नेला. पुण्यातल्या पेठांत बंगाली कारागीर आले, त्यांत मुसलमानही पुष्कळ. कामाच्या मेजाला धूळ ओढणारी यंत्रे बसली आणि जो कीस जमिनीवर पडत असे तो यंत्राच्या पिशवीत जाऊ लागला. १६ जून २०२१पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. कसाची पारख आता क्ष-किरणांचे यंत्र करते. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हे चांगलेच झाले, यात शंका नाही.

जुन्या मोबाइलच्या, संगणकाच्या पट्ट्यांवर सोन्याचा पातळ थर असतो आणि एक टन पट्ट्यांत एक टन खाणीच्या दगडापेक्षा कितीतरी अधिक सोने निघते. देशात अनेक ठिकाणी हे सोने आज तेजाबाच्या बादल्यांत, उघड्यावर काढले जाते आणि हे करणारे हातही बहुधा आपल्याच गरीब वस्त्यांतले आहेत. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू झाले. त्यांनुसार हे काम नोंदणी केलेल्या उद्योगालाच करता येते. नोंदणीला जागा लागते, धुराचे आणि सांडपाण्याचे यंत्र लागते, कागद लागतात. झारेकऱ्याच्या घरात घमेले आहे, कसोटीचा दगड आहे आणि कागद म्हणावा तर रेशनकार्ड.