पावसाची आघाडी कुठवर आली?

आणे म्हटलं की लोकांना रंगदास स्वामींची यात्रा आणि तिथली आमटी-भाकरी आठवते. अशा गावात तत्त्वज्ञानाच्या माणसाने पावसावर बोलायचं म्हणजे थोडा आगाऊपणाच. पण प्रश्न माझ्याही विषयातला आहे. जी गोष्ट सतत सरकते आहे, तिची कड नेमकी कुठे, हे ठरवायचं कसं?

२०२५ साल आठवा. मान्सून २४ मे रोजी केरळात, २६ मे रोजी मुंबईत. रोहिणी नुकत्या लागल्या होत्या. मग तो थबकला. हवामान खात्याच्या पत्रकात रोज तीच रेषा: मुंबई, अहिल्यानगर, आदिलाबाद. मुंबई आणि अहिल्यानगर पट्टीने जोडून पाहा, रेघ आपल्या जवळूनच जाते. जूनच्या मध्यापर्यंत ती हलली नाही. म्हणजे आणे मान्सूनच्या आत होतं की बाहेर?

हवामानशास्त्रात ‘आघाडी’ हा शब्द आला पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. नॉर्वेतल्या बर्गेन गावी विल्हेल्म बियर्क्नेस आणि त्यांचा मुलगा याकोब यांनी दाखवलं, की थंड आणि उबदार हवा सहज मिसळत नाहीत, त्यांच्यामध्ये अरुंद सीमा राहते. ती सीमा म्हणजे आघाडी, रणांगणावरच्या आघाडीसारखी. (आपल्याकडची राजकीय आघाडी वेगळी, तिथे सीमा शोधूनही सापडत नाही.) मान्सूनची रेषा मात्र या अर्थाने आघाडी नव्हे. अलीकडे एक हवा, पलीकडे दुसरी, असं तिथे काटेकोर काही नसतं. ती ठरवावी लागते.

ते ठरवण्याचा इतिहास पुण्याशी बांधलेला आहे. १८७५ साली हवामान खातं सुरू झालं, हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख. १९२८ मध्ये मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक अजून सिमला ऑफिस म्हणतात. मान्सून कुठे साधारण कधी पोहोचतो, या तारखांचा जुना नकाशा १९४०च्या दशकातला. तो २०२० साली बदलला. १९६१ ते २०१९च्या नोंदी घेतल्या आणि मुंबईची तारीख १० जूनची ११ जून झाली. राजस्थानातून परतीची सुरुवात मात्र १ सप्टेंबरवरून थेट १७ सप्टेंबरवर गेली.

केरळातलं आगमन जाहीर करण्याचा नियम तर पाहण्यासारखा आहे. १० मे नंतर, ठरवलेल्या १४ केंद्रांपैकी ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस हवा. शिवाय पश्चिमेचे वारे आणि ढगांच्या अटी आहेतच. म्हणजे रेषेच्या मागे कोणी धावत नाही. ठिकठिकाणी आकडे मोजतात, त्यातून रेषा निघते.

गणितातही हेच वळण आलं. ज्वाळेची किंवा गोठत्या बर्फाची कड संगणकावर पकडायची, तर पूर्वी कडेवरचे बिंदू घेऊन ते पुढे सरकवत. दोन ज्वाळा एकमेकींत मिसळल्या की गुंता व्हायचा. १९८८ मध्ये ओशर आणि सेथियन यांनी कड सोडूनच दिली. सगळ्या जागेवर एक संख्या पसरवायची, ती काळाप्रमाणे बदलू द्यायची, आणि जिथे ती शून्य होईल तिथे कड समजायची. दोन कडा जुळोत की एकीच्या दोन होवोत, हिशोब चालूच राहतो.

अडचण अशी, की यालाही जागोजागचे आकडे लागतात आणि आपल्या तालुक्यात ते झपाट्याने बदलतात. नाणेघाटाकडे पाऊस कोसळत असतो, तेव्हा इथे नुसता वारा. खाली कुकडीचे कालवे आहेत, पठार वर राहिलं. महसूल मंडळात एखादं स्वयंचलित केंद्र असतं, आणि त्याचा आकडा साऱ्या मंडळाला लागू. तुमच्या वावरात काय पडलं, ते त्याला कळत नाही. ‘मान्सून आला’ एवढं ऐकून बाजरी किंवा मूग पेरला आणि वर ऊन तापलं, तर दुबार पेरणीचं बियाणं घरातून जातं. रेषा खोटी नसते, पण ती तुमच्या बांधासाठी आखलेली नसते.

कृषी खातं सांगतं की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. तो आकडा आपला आपल्याला काढता येतो. सरळ कडांचं, सपाट बुडाचं भांडं झाडापासून दूर उघड्यावर ठेवा, रोज सकाळी पट्टीने पाणी मोजा, लिहा आणि भांडं रिकामं करा. भांडं लहान की मोठं, याने फरक पडत नाही. तो का पडत नाही, हे शाळेतल्या मुलांना विचारा. आता तुमचे प्रश्न घेऊ.