आणीबाणीत तुम्ही काय करत होतात?

परवा नातू इतिहासाचा अभ्यास करत बसला होता. मध्येच त्याने विचारलं, "आजोबा, आणीबाणीत तुम्ही काय करत होतात?" मी म्हटलं, "शाळेत शिकवत होतो." उत्तर खरं होतं, पण पुरं नव्हतं. म्हणून हे लिहायला बसलो.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. राहायला कर्जतला, नोकरी खालापूर तालुक्यातल्या एका शाळेत. (आपला जिल्हा तेव्हा कुलाबा, रायगड हे नाव १९८१ साली आलं.) खरं सांगायचं तर सुरुवातीला काहीच बदललं नाही. लावणी झाली, गणपती आले-गेले. स्टेशनवर लोक कौतुकाने म्हणायचे, गाड्या कशा वेळेवर धावतात! मीही म्हणायचो. फरक एवढाच, की मोठ्याने बोलणारी माणसं हळू बोलू लागली. शेजारचे काका रात्री बीबीसी लावत, पण आवाज इतका बारीक की रेडिओला कान टेकावा लागे. डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध उघड बोलल्या, हेही आम्हाला कुजबुजीतूनच कळलं.

२ जानेवारी १९७६. वर्गात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांच्याविषयी सांगायची पाळी माझी होती. माथेरानचे कोतवाल पेशाने वकील. बेचाळीसच्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात दोघे हुतात्मा झाले. 'अन्याय दिसला की उभं राहावं' हे वाक्य जिभेवर आलं आणि मी ते गिळलं. मुलांना फक्त तारखा सांगितल्या...

त्याच वर्षी नसबंदीचा धडाका सुरू झाला. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक राज्याच्या विधिमंडळाने मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. पण 'केसेस' आणायचं काम आम्हा शिक्षकांच्या गळ्यात पडलंच. केस नाही तर पगार अडेल, असा धाक. मी वाडीवरच्या एका कातकरी बाप्याला तयार केलं. पैसे मिळतील, त्रास होत नाही, असं समजावलं. तो म्हणाला, "गुरुजी, तुमी सांगताव म्हंजे बराबरच आसंल." मी मान हलवली. कागदावर त्याचा अंगठा उमटला आणि माझा पगार वेळेवर झाला. त्याला स्वतःला काय हवं होतं, हे मी विचारलंच नाही.

मार्च १९७७ च्या निवडणुकीत कुलाब्यातून शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील निवडून आले. २१ मार्चला आणीबाणी उठली. पेढे वाटले गेले. मीही खाल्ला, अगदी मिटक्या मारत.

तो कातकरी पुढे कितीतरी वर्षं पावसाळ्यात बाजारात भेटायचा. पाटीतली मूठभर करटुली माझ्या पिशवीत टाकायचा, पैसे घ्यायचा नाही. "गुरुजी, बरं हाय ना?" एवढंच विचारायचा.

हे सगळं नातवाला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आणि तुम्ही त्याला कधी विचारलंत, बरं आहे ना म्हणून?"

विचारलं होतं की. पण उत्तर ऐकायला थांबलो नव्हतो.

असो.