इथरनेटवरील थेट स्मृतिप्रवेश : प्रोसेसरला न अडवता होणारी देवाणघेवाण

पुणे जिल्ह्यात नारायणगावनजीक खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. एकेका अँटेनाच्या संकेतावरून आकाशाचे चित्र सिद्ध होत नाही. प्रत्येकीचा संकेत उरलेल्या प्रत्येकीशी ताडून पाहावा लागतो. अशा जोड्या होतात ४३५. हे गणित अनेक संगणक वाटून घेतात आणि त्यासाठी त्यांना आपापल्या वाट्याची माहिती परस्परांना अखंड पुरवावी लागते. येथे गणनेच्या वेगाइतकाच दळणवळणाचा वेगही निर्णायक ठरतो. दुर्बिणीच्या सुधारित यंत्रणेत अँटेनांचे अंकीय संकेत इथरनेटवरून संगणकांपर्यंत येतात. संगणकांतील परस्पर विनिमय मात्र इन्फिनिबँड या खास जाळ्यावरून होतो. हाच विनिमय सर्वपरिचित इथरनेटवरून तितक्याच वेगाने करता यावा, या प्रयत्नातून पुढे आलेले तंत्र म्हणजे इथरनेटवरील ‘रिमोट डायरेक्ट मेमरी ॲक्सेस’, संक्षेपाने आरडीएमए.

नेहमीचा मार्ग आणि थेट मार्ग

सर्वसाधारण जाळ्यात एका संगणकावरील माहिती दुसऱ्याकडे जाताना ती प्रथम कार्यप्रणालीच्या ताब्यातील स्मृतीत उतरवली जाते, तेथे तिची पॅकेटे होतात आणि मग ती नेटवर्क कार्डाकडे जातात. पलीकडे हाच क्रम उलट घडतो. प्रत्येक टप्प्यावर प्रोसेसरचा वेळ खर्च होतो. सेकंदाला १०० गिगाबिट वेगाच्या जोडणीवर दर सेकंदाला साडेबारा गिगाबाइट माहिती येऊ शकते. ती नुसती इकडून तिकडे उतरवण्यातच प्रोसेसरची बरीच शक्ती संपते.

आरडीएमए हे मधले टप्पे गाळते. प्रोग्रॅम आपल्या स्मृतीचा ठरावीक भाग आधीच नोंदवून ठेवतो. कार्यप्रणाली तो भाग जागचा हलू देत नाही आणि नेटवर्क कार्ड त्यासाठी एक किल्ली देते. ही किल्ली व स्मृतीचा पत्ता दुसऱ्या संगणकाला कळवला, की त्याचे कार्ड त्या जागेतून थेट वाचू शकते किंवा तेथे थेट लिहू शकते. प्रोग्रॅम कामाची मागणी रांगेत ठेवतो, कार्ड ती पुरी करते आणि पूर्ततेची नोंद वेगळ्या रांगेत टाकते. पलीकडच्या प्रोसेसरला त्याची चाहूलही लागत नाही. परिणामी विलंब काही मायक्रोसेकंदांवर येतो.

इथरनेटची अडचण

इन्फिनिबँडमध्ये पुढच्या टोकाला जागा असल्याशिवाय पॅकेट पाठवलेच जात नाही. इथरनेटचा स्वभाव निराळा आहे. स्विचमध्ये गर्दी झाली, की पॅकेटे टाकून दिली जातात आणि ती पुन्हा पाठवण्याची जबाबदारी टोकाच्या संगणकांवर राहते.

‘आयवॉर्प’ या पद्धतीने यावर टीसीपीचा आधार घेतला. २०१० मध्ये आलेल्या ‘रॉकी’ पद्धतीने इन्फिनिबँडचीच वाहतूकरीत इथरनेटवर आणली. पण तिची पहिली आवृत्ती एकाच स्थानिक जाळ्यापुरती मर्यादित होती. २०१४ च्या दुसऱ्या आवृत्तीत माहिती यूडीपीच्या वेष्टनात, ४७९१ या पोर्टकडे जाऊ लागली आणि राउटर ओलांडणे शक्य झाले.

गळतीचा प्रश्न मात्र उरलाच. रॉकीच्या प्रारंभीच्या कार्डांत एक पॅकेट हरवले, की त्यापासून पुढची सारी पॅकेटे पुन्हा पाठवावी लागत. म्हणून गर्दी होताच मागच्या उपकरणाला ‘थांब’ असे सांगणारी पीएफसी ही व्यवस्था वापरली जाते. तीही निर्धोक नाही. एका स्विचने थांबवले, की त्याच्या मागचाही तुंबतो. गर्दीशी संबंध नसलेली वाहतूकही अडकते आणि क्वचित स्विच परस्परांची वाट पाहत ठप्प होतात. यावर उपाय म्हणून गर्दी वाढू लागताच स्विच पॅकेटांवर खूण करतात आणि ती पाहून प्रेषक आपला वेग आवरतो. मायक्रोसॉफ्ट व मेलॅनॉक्स यांच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलेली डीसीक्यूसीएन पद्धत याच तत्त्वावर चालते. थांबवण्याची वेळच शक्यतो येऊ नये, हा तिचा हेतू.

आजची स्थिती

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणामुळे या तंत्राला मोठे महत्त्व आले. मेटा कंपनीने प्रत्येकी २४,५७६ ग्राफिक्स प्रोसेसरांचे दोन समूह उभारले, एक रॉकीवर आणि दुसरा इन्फिनिबँडवर. लामा ३ मालिकेतील सर्वांत मोठे प्रारूप रॉकीच्या समूहावर घडवले गेले. अल्ट्रा इथरनेट कन्सॉर्शियमने जून २०२५ मध्ये आपल्या मानकाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. गळती पूर्णपणे टाळण्यावर विसंबून न राहणारी वाहतूक हे तिचे एक उद्दिष्ट आहे.

संस्थांपुढील निवड केवळ वेगाची नाही. इन्फिनिबँडची बाजारपेठ मुख्यतः एका उत्पादकाभोवती फिरते. मेलॅनॉक्स २०२० मध्ये एनव्हिडियाने विकत घेतली. इथरनेटची उपकरणे अनेक कंपन्यांकडून मिळतात, परंतु दोन्ही टोकांची कार्डे आणि मधला प्रत्येक स्विच काटेकोरपणे जुळवावा लागतो. त्यातील एक चूक साऱ्या जाळ्याचा वेग घालवू शकते. शिवाय रॉकीची वाहतूक मुळात कूटबद्ध नसते. किल्ली परक्या हाती पडली, तर नोंदवलेली स्मृतीही उघडी पडते. म्हणून असे जाळे विश्वासाच्या आवारातच ठेवणे इष्ट. सामान्य कार्यालयीन कामाला याची गरज भासत नाही. जेथे शेकडो संगणकांना एकाच गणितावर एकदिलाने काम करावे लागते, तेथे मात्र हा मार्ग आता टाळता येण्यासारखा राहिलेला नाही.