निचऱ्याचा चर : थोडा इतिहास

देवळाच्या जीर्णोद्धाराचा जमाखर्च वाचताना कळस, सभामंडप, फरशी या बाबी सर्वांच्या चटकन ध्यानात येतात. त्यात ‘आवारातील पाण्यासाठी चर’ अशीही एक बाब आहे. जमिनीत पुरलेल्या दगडगोट्यांवर पैसा कशाला, असे काही देणगीदारांनी विचारले. त्यांच्यासाठी ही माहिती देत आहे.

ही विद्या फार जुनी आहे. सिंधमधील मोहेंजोदडो येथे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी गल्लोगल्ली विटांची गटारे होती. ती वरून झाकलेली असत आणि गाळ साचून काढता यावा म्हणून मधेमधे खड्डे ठेवलेले असत.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील जिनिव्हा गावाजवळ जॉन जॉन्स्टन हा स्कॉटलंडहून आलेला शेतकरी राहत असे. त्याने १८३८ साली आपल्या पाणथळ शेतात भाजलेल्या मातीच्या नळ्या पुरल्या. हा मातीची भांडी पुरतो आहे, असे म्हणून शेजारी हसले. पुढे त्याचे पीक पाहून त्याच शेजाऱ्यांनी नळ्या पुरल्या.

१८५९ साली हेन्री फ्रेंच या अमेरिकन न्यायाधीशांनी शेतातील निचऱ्यावर ग्रंथ लिहिला. दगडांनी भरलेल्या चराला इंग्रजीत ‘फ्रेंच ड्रेन’ म्हणतात ते त्यांच्या आडनावावरून. फ्रान्स देशाशी त्याचा संबंध नाही. त्यांचे चिरंजीव डॅनियल हे थोर शिल्पकार झाले. वॉशिंग्टन येथील लिंकन स्मारकातील बैठी मूर्ती त्यांची. ते स्मारक १९२२ साली खुले झाले. मुलाची मूर्ती जग पाहते, बापाचा चर मातीखाली असतो. पण दोन्ही कामे खरीच.

आपल्याकडेही याचा धडा मिळाला आहे. १८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला, ऊस वाढला. परंतु पाणी मुरत राहून निचरा न झाल्याने पुढे कित्येक जमिनी खारवट व चोपण झाल्या. पाणी आणणे जितके आवश्यक, तितकेच ते वाट करून बाहेर काढणे आवश्यक.

आपल्या आवाराची माती काळी. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि जोत्याचे दगड हलतात. म्हणून चराला शंभर फुटांस एक फूट असा उतार दिला आहे. आत खडी भरली असून चराचे तोंड खालच्या ओढ्याकडे मोकळे ठेवले आहे. हे तोंड गाळाने वा कचऱ्याने बुजले तर सारा खर्च पाण्यात जाईल.

यास्तव समस्त ग्रामस्थांस नम्र विनंती की, दरवर्षी मृगापूर्वी एक दिवस श्रमदान करून चराचे तोंड साफ करावे. कळसाकडे पाहून सर्वजण हात जोडतील. तो कळस उभा राहील तो या चरामुळे, एवढे ध्यानी असावे.