आस, सांधा आणि स्वारगेट

स्वारगेट म्हणजे घोडेस्वारांच्या चौकीची जागा, असं नावावरून सांगितलं जातं. स्वार गेले, टांगे गेले, एसटी आली. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुणे–नगर मार्गावर धावली. बेडफर्ड गाडी, लाकडी बांधणीची. आज आपण गाडीत न बसता तिच्याखाली वाकून बघू.

बैलगाडीचा आस स्वतः फिरत नाही, चाक त्याच्याभोवती फिरतं. वंगण घालायचं ते तिथे. मोटारीच्या मागच्या आसाकडे मात्र दोन कामं आली, भार पेलणं आणि चाक फिरवणं. शब्द एकच राहिला. त्यामुळे ‘अ‍ॅक्सल उतरवा’ म्हटलं की बेडफर्डचं अख्खं धूड काढायचं की हातभर लांबीचा शाफ्ट, हे विचारून घ्यावं लागतं. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तिथेही निम्मे वाद असेच होते म्हणा.

बेडफर्ड काय, अँबॅसेडर काय, इंजिन पुढे आणि ताकद लागते मागे. मधे प्रोपेलर शाफ्ट, त्याच्या टोकांना क्रॉसचे सांधे. या सांध्याला सोळाव्या शतकातल्या कार्डानो या इटालियन गणितज्ञाचं नाव चिकटलं आहे, पण त्याची खोड उलगडली सतराव्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने. शाफ्ट वाकडा चालला की एका बाजूने एकसारखी फिरणारी गती दुसऱ्या बाजूला एकसारखी राहत नाही. कोन ३० अंशांचा असेल तर प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा सुमारे १३ टक्के मंदावते आणि दोनदा १५ टक्के वाढते. उपाय असा की दुसऱ्या टोकालाही क्रॉस बसवायचा, तोही पहिल्याशी जुळवून, म्हणजे एकाची चूक दुसरा फेडतो. म्हणून जाणता मिस्त्री शाफ्ट खोलण्याआधी जोडावर छिन्नीने खूण करतो. हूक त्याने वाचलेला नसतो, पण खूण चुकली तर गाडी थरथरते हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

चाक एकेकटं वरखाली व्हायला लागलं, शिवाय वळायलाही लागलं, तेव्हा क्रॉस पुरेना. १९२६ साली फोर्डमधले अभियंते आल्फ्रेड रझेपा यांनी वाटीत खाचा पाडून त्यांत सहा गोळ्या बसवल्या. कोन कितीही बदलो, गोळ्या दोन्ही शाफ्टच्या बरोबर मधल्या प्रतलात राहतात आणि गती सारखी मिळते. हाच सीव्ही जॉइंट. १९५९ च्या ब्रिटिश मिनीने तो लोकप्रिय केला, आपल्याकडे १९८३ च्या मारुतीने घरोघरी नेला, पण पुढच्या चाकांना. मागच्या चाकांसाठी तो आपल्या पुण्यात रचलेल्या नॅनोतही होता, १० जानेवारी २००८ ला दिल्लीत दाखवलेल्या. ६२४ सीसीचं इंजिन मागे, आणि दोन्ही बाजूंना आखूड शाफ्ट.

पुढचा जॉइंट झिजला की वळताना कटकट करून सांगतो. मागचं चाक वळत नाही, त्यामुळे मागचा जॉइंट बराच काळ गप्प बसतो. मग पिकअप घेताना ठोका येतो. मूळ कारण बहुधा रबरी बूट फाटणं. ग्रीस बाहेर, धूळ आत. मेट्रोच्या खोदकामात स्वारगेटची धूळ ज्यांनी खाल्ली, त्यांना अधिक सांगायला नको.

काम असं. गाडी जमिनीवर असतानाच हबचा नट सैल करायचा, कारण तेव्हाच चाक धरून राहतं. मग जॅक, आणि जॅकवर न विसंबता खाली स्टँड. शाफ्ट गिअरबॉक्समध्ये खोचलेला असेल तर ऑइल आधी काढायचं. हब बाजूला सरकवला की शाफ्ट निघतो. जॉइंट पुसून गोळ्या आणि खाचा बघायच्या. कुठली गोळी कुठल्या खाचेत होती याची खूण ठेवायची. खाच खडबडीत, खड्डे पडलेली असेल तर जॉइंट टाकूनच द्यावा. पण खाच गुळगुळीत असेल तर नवा बूट आणि मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस पुरतं. आता बऱ्याच ठिकाणी न उघडताच अख्खा शाफ्ट बदलतात. वेळ वाचतो हे खरं, तरी आम्हांला ते पटत नाही. गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि पोरगं उघडायला शिकत नाही. बसवताना नट नवाच घ्यावा, आणि शेवटची ओढ चाक जमिनीवर टेकल्यावर द्यावी.