घाणीतून उजेड

स्मरणिकेसाठी मी कचऱ्याचा इतिहास लिहिते आहे असे म्हणताच घरात सारे हसले. इतिहास म्हणजे गड, लढाया आणि राजे! पण राज्य कोणाचेही असो, केर काढणारी बाई होतीच, आणि तो टाकावा कुठे ही काळजीही तिलाच होती.

पूर्वी आपल्या कुरुंद्यात ही काळजी मोठी नव्हती. शेण, राख, खरकटे, पालापाचोळा सारे उकंड्यावर जाई आणि पावसाळ्यापूर्वी गाडी भरून शेतात. आता त्यात प्लास्टिक आले. जुलै २०२२ मध्ये गावात पुराचे पाणी शिरले. ते ओसरल्यावर स्वयंपाकघरातला चिखल मी घमेल्याने उपसला, तेव्हा साऱ्या गावाने फेकलेले माझ्या चुलीपाशी येऊन बसले होते. तेव्हापासून ह्या विषयाचे मिळेल ते वाचते.

मौज अशी की घाणीपासून उजेड करण्याची युक्ती आपल्या मुंबईत फार जुनी आहे. माटुंग्याला १८९० मध्ये महारोग्यांसाठी आश्रम निघाला. तिथल्या संडासांचा मैला बंद टाकीत सोडीत. हवा लागली नाही की आत सूक्ष्म जंतू वाढतात, मैला कुजवतात आणि जळणारा वायू सोडतात. १८९७ च्या सुमारास त्या वायूवर आश्रमात दिवे लागले. ज्यांना घरच्यांनीही दाराबाहेर काढले होते, त्यांच्या वस्तीत हा उजेड पडला!

त्याच साली विलायतेत, लंडनच्या शोरडिच भागात, शहरचा केर भट्टीत जाळून त्या वाफेवर वीज करण्याचा कारखाना उघडला. म्हणजे जाळणे आणि कुजवणे ह्या दोन्ही वाटा तेव्हाच दिसल्या होत्या. तिकडच्या केरात कोळशाची अर्धवट जळलेली खर पुष्कळ, म्हणून तो पेटे. आपल्याकडे १९८७ मध्ये दिल्लीला तिमारपूर येथे रोज ३०० टन केर जाळून वीज करण्याचा कारखाना डेन्मार्कच्या मदतीने उभारला. थोड्याच दिवसांत तो बंद पडला. आपला केर म्हणजे भाजीची देठे, माती आणि ओल. ओली गोवरी पेटत नाही हे कोणत्याही सासुरवाशिणीने सांगितले असते!

पण मला सर्वांत मोठे वाटतात ते कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन. १९३२ मध्ये ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. संडास साफ करण्याचे काम ठरावीक जातीच्या कैद्यांनाच देत. ते मलाही द्या, असा त्यांनी हट्ट धरला, त्यासाठी अन्न कमी केले. येरवड्याला असलेल्या गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास आरंभला, तेव्हा सरकार नरमले. पुढे कणकवलीला गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी स्वस्त संडास, मैल्याचे खत आणि गोबरगॅस ह्यांचे प्रयोग केले. दुसऱ्याची घाण कोणालाही डोक्यावर वाहावी लागू नये, हा त्यामागचा हेतू. वायू ही वरकड कमाई.

त्यांचेच काम पाहून तुकोबांच्या देहूत डॉ. मापुसकरांनी ते पुढे नेले. १९६० च्या सुमारास ते तिथे सरकारी दवाखान्यात आले. गाव उघड्यावर बसे आणि तेच तेच रोगी पुन्हा येत. औषध देऊन देऊन किती द्यावे? त्यांनी घरोघर समजूत घातली, संडास बांधवले आणि काहींना गॅसची टाकी जोडली. मैल्याला हात न लावता चूल पेटू लागली. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

आमच्याकडेही मामंजींनी गोबरगॅस बांधला होता. लग्न होऊन मी आले तेव्हा सासूबाई त्यावर दूध तापवीत, पण देवाचा नैवेद्य मात्र चुलीवरच. धूर नाही, भांडी काळी होत नाहीत, हे कळल्यावर नैवेद्यही मुकाट्याने इकडे आला. पुढे बैलजोडी गेली, म्हशी विकल्या, शेण उरले नाही आणि लोखंडी टोपी गंजली. सिलिंडर आले, पण ते विकत घ्यावे लागतात.

शेण नसले तरी खरकट्यावर हे काम होते. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे ह्यांनी 'निसर्गऋण' नावाचे संयंत्र त्यासाठीच काढले. अट एकच, ओले आणि कोरडे वेगळे हवे. मुंबईकरांनी १९२७ पासून देवनारला सारे एकत्र टाकले. जानेवारी २०१६ मध्ये त्या ढिगाला आग लागली आणि कित्येक दिवस धुराने शहर कोंडले.

आठवडी बाजारातला भाजीपाला, लग्नाच्या पंक्तींचे उष्टे, केळीचे खुंट, एवढ्यावर आपल्या अंगणवाडीची खिचडी शिजेल असे मला वाटते. मंडळाच्या बैठकीत मी हे मांडले, तेव्हा निवडायचे कोणी, असा प्रश्न निघाला. प्रश्न रास्त आहे. तांदूळ आपण निवडतो, आता केरही आपणच निवडायचा काय? माझे म्हणणे असे की निवडण्याची वेळच येऊ नये. टाकतानाच दोन बादल्या असाव्यात आणि घरातल्या पुरुषमाणसांनाही त्या दाखवून ठेवाव्यात. आमच्या गल्लीत सात घरांनी संक्रांतीपासून तसे केले आहे. ओली बादली तूर्त माझ्या परसातल्या खड्ड्यात रिकामी होते.